अर्धी फिरवलेली किल्ली

१

कुलूप बिघडलंय, असंच मला वाटलं. ज्याचा जन्म कुलपांत गेला त्याला दुसरं काय वाटणार?

संध्याकाळी दुकान बंद करायचं, चालत घरी यायचं, जिना चढायचा, पिशवी काखेत घ्यायची आणि उजव्या हातानं दार उघडायचं. इतक्या वर्षांत या कामाकडे माझं कधी लक्षही गेलं नव्हतं. त्या दिवशी किल्ली कुलपात गेली आणि फिरेना.

किल्ली अडकली की समोरून विरोध येतो. कुठं अडकलं, किती अडकलं, ते बोटांना कळतं. इथं विरोध नव्हताच. मी जोर लावत होतो, निदान मला तसं वाटत होतं, पण तो जोर किल्लीपर्यंत पोचत नव्हता. मनगटाच्या अलीकडेच कुठंतरी संपत होता. शेवटी मी बेल दाबली. तीही नीट दाबली गेली नाही, पुन्हा दाबावी लागली.

बायकोनं दार उघडलं. "अहो, लोकांची कुलपं उघडून देता आणि स्वतःच्या दारात बेल वाजवता? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"कुलूप जड झालंय," मी म्हटलं.

सुट्टीच्या दिवशी मी ते कुलूप उतरवलं, खोललं, धुतलं, आत शिसपेन्सिलीची पूड फुंकली, स्प्रिंगा बदलल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी नवं कुलूप बसवलं. तेही चार दिवसांत जड झालं. मी कारखानदारांना शिव्या घातल्या, दमट हवेला घातल्या, दाराच्या चौकटीलाही घातल्या. एका संध्याकाळी बायको आणि मी एकदमच जिना चढून आलो. तिच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. तिनं एक पिशवी मनगटावर सरकवली, दोन बोटांनी किल्ली फिरवली आणि आत गेली.

मागून लेक येत होती. ती खो खो हसली. "बाबा, नाचता येईना, अंगण वाकडं!"

मीही हसलो. हसताहसता उजवा हात खिशात घातला. का घातला, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

२

दुकान म्हणजे बाजाराच्या तोंडाशी एक खोका. पुढं किल्ल्या कापायचं मशीन, मागं भिंतभर कोऱ्या किल्ल्या. माझी लेक लहानपणी मशीनच्या ठिणग्या पकडायला हात पुढं करायची, म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिचं नाव ठिणगी ठेवलं. आता ती मोठी झाली, शिकली, नोकरीला लागली, तरी ते नाव सुटलं नाही. मग एक दिवस नोकरी सोडून ती खोक्यात येऊन बसली. "खुर्चीत बसून माझ्या हातांना कंटाळा येतो," म्हणाली. बायकोनं कितीतरी दिवस अबोला धरला होता. मीही वरवर रागावलो. आतून मात्र मला आभाळ ठेंगणं झालं होतं, कारण पोरीचा हात माझ्याहून हलका. बंद कुलपात ती तारेची आकडी घालते, डोळे मिटते, आणि कुलपाला जणू स्वतःलाच उघडायचं होतं असं ते उघडतं. माझ्या आयुष्याची कमाई कुणी विचारली तर मी तिचे दोन हात दाखवीन.

पहिल्यांदा बघितलं तेही तिनंच.

"बाबा, तुझ्या अंगठ्याजवळ खड्डा पडलाय."

अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यामध्ये पाठीमागून मांसाचा एक उंचवटा असतो. कानस धरून धरून आमच्या लोकांचा तो चांगला टणक झालेला असतो. माझा बसला होता. मी डावा हात शेजारी धरला. तिथं उंचवटा होता. दोन हात दोन वेगळ्या माणसांचे वाटले.

मग एकेक आठवायला लागलं. शर्टाचं वरचं बटण मी हल्ली उघडंच ठेवत होतो, उकडतं म्हणून. कानस हातातून निसटत होती, मूठ गुळगुळीत झाली म्हणून. जिना चढताना उजवी चप्पल पायरीला घासत होती, पट्टा सैल झाला म्हणून. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी हात उलटासुलटा केला. "दुखतं का?"

"नाही."

"मुंग्या येतात? बधिर होतो?"

"अजिबात नाही."

"मग कशाला घाबरता? वय झालं आता." त्यांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि मी निर्धास्त झालो. दुखत नाही म्हणजे काही नाही, असा माझा समज होता. चांगला चोर आवाज करत नाही, हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं.

३

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ठिणगी मागं किल्ल्या लावत होती. मी बाही वर करून हात मशीनशेजारी टेकवला होता, आणि कोपराच्या खाली, कातडीच्या आत, काहीतरी हललं.

दोन हलके टोले. मग थांबणं. मग एक लांब दाब, आणि कातडी उचलून पुन्हा खाली बसली. मी हात हलवला नव्हता. बघत राहिलो. पुन्हा दोन टोले, थांबणं, दाब.

डोळा लवतो तसा हात लवतोय, झालं. पण तो ठेका मला ओळखीचा होता.

कुलपाच्या आत पिना असतात. किल्ली हरवली की आम्ही आकडी घालून एकेक पिन उचलतो. ती नेमक्या उंचीवर गेली की टक्कन बसते, मग पुढची. सगळ्या बसल्या की कुलूप फिरतं. हे काम प्रत्येकजण आपल्या ढंगानं करतो. गाणाऱ्याचा आवाज ओळखावा तसा आमच्यात माणसाचा हात ओळखतात. अण्णा आणि मी पाठीला पाठ लावून बसायचो आणि कोण कुठलं कुलूप चाळवतंय ते ऐकून सांगायचो. अण्णांचा ढंग ठरलेला. दोन हलके टोले, मग कुलपात एक फुंकर, मग लांब दाब. इतर कुणी मध्येच फुंकर घालत नाही. माझ्या हातातलं ते थांबणं बरोबर एका फुंकरीएवढं होतं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. 'कुलूप आपोआप उघडलं हो,' म्हणत लोक रोज खोक्यावर येतात, आणि मी दरवेळी त्यांना झिजलेली स्प्रिंग काढून दाखवतो. मनी वसे ते स्वप्नी दिसे. अण्णांना जाऊन फार दिवस झाले नव्हते, म्हणून तेच दिसत असणार.

एवढी समजूत घालून मी हात झाकला. बाहीच्या आत काम चालूच होतं. संध्याकाळी त्या जागी शांत झालं, आणि थोडं वर, दंडाकडे, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. जिथं शांत झालं होतं तिथली कातडी पुढं पुढं सैल पडत गेली.

एक बसली की पुढची.

४

अण्णा गेले तेव्हा सगळे म्हणाले, वयानं गेले. वय तरी असं काय होतं? पण अंग गळत गेलं, हातातून घास पडायला लागला, बोलणं चिकट झालं, आणि म्हातारपण म्हणून आम्ही ते मान्य केलं.

त्यांची एक सवय मात्र आम्हाला कधी कळली नाही. खिडकीशी बसून ते स्वतःच्या दंडाला कान लावायचे. मान वाकडी करून, डोळे मिटून, बंद कुलपाला कान लावावा तसे. बायको म्हणायची, "अण्णा, मान अवघडेल." ते हात वर करून तिला गप्प करायचे आणि पुन्हा ऐकत बसायचे.

आणि किल्ली. आमच्या दाराला लॅचच्या खाली अण्णांनी स्वतः बसवलेलं जुनं पितळी कुलूप आहे. दार आतून लावलं की त्याची किल्ली अर्धी फिरवून तिथंच ठेवायची, हा त्यांचा नियम. अर्ध्यात अडकलेल्या किल्लीवर बाहेरून ना दुसरी किल्ली चालते ना आकडी. शेवटी शेवटी ते दिवसासुद्धा उठून उठून बघायचे, किल्ली अर्धीच आहे ना. त्यांच्या मागं आम्ही तो नियम सोडून दिला. कोण रोज वाकणार?

त्या रात्री मी वाकलो. दोन्ही हात लावून किल्ली अर्धी फिरवली. मग न्हाणीघरात जाऊन दंडाला कान लावला.

ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. पण माझी मान आपोआप बरोबर अण्णांच्याच कोनात वाकली होती, हे खरं.

५

ठिणगीनं मला ओढत मोठ्या दवाखान्यात नेलं. मी जायला तयार नव्हतो. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणत होतो. तिथल्या डॉक्टरीणबाई फार बोलत नव्हत्या. मला टाचांवर चालायला लावलं, उजवं पाऊल उचललं जाईना. बोटं पसरायला लावली आणि त्यांच्या दोन बोटांनी ती सहज मिटवली. मग म्हणाल्या, "जीभ बाहेर काढू नका, तोंडातच ठेवा," आणि उजेड पाडून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं होतं, हातासाठी आलोय, जिभेशी काय संबंध?

मग एक बारीक सुई हातात घालून तारेनं मशीनला जोडली. "स्नायू स्वस्थ असला की इथं शांतता असते," त्या म्हणाल्या. "हात सैल सोडा."

मी हात सैल सोडला. मशीनच्या भोंग्यातून आवाज यायला लागला.

टक टक. थांबणं. खर्रर.

आयुष्यभर हा आवाज मी कान लावून ऐकला होता. इथं तो खोलीभर घुमत होता. आता मनाचा खेळ म्हणायची सोय उरली नव्हती. आवाज बाहेर होता, भोंग्यात होता, दोघी तो ऐकत होत्या. मी ठिणगीकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. अण्णांच्या मांडीवर बसून काम शिकलेली पोर ती.

"कसला आवाज हा?" तिनं विचारलं.

"स्नायूला मेंदूकडून येणारा निरोप तुटत चाललाय. तुटताना तो असा उडतो, मग कमजोर होतो." डॉक्टरीणबाईंनी सुई काढली. "अजून तपासण्या करू. लगेच शेवटचं टोक गाठू नका. घरात आणखी कुणाला असं झालं होतं?"

"वडिलांना," मी म्हटलं.

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "मुलं किती?"

उत्तर ठिणगीनं दिलं. "मी एकटीच."

"सगळ्यांना होतंच असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. परत येताना ठिणगीनं मला विचारलं, "बाबा, तो ठेका..." आणि वाक्य सोडून दिलं. मीही ते पुरं केलं नाही. रस्त्यात तिनं माझा हात धरला होता, आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता, माझ्या हातातलं तिच्या हातात जाईल म्हणून. माझं काळीज त्या दिवशी फाटलं.

६

त्यानंतर मी जे काही केलं त्याला शहाणा माणूस वेड म्हणेल. म्हणू दे.

मी असा हिशेब केला. कुलूप अर्धवट सोडून चोर पुढच्या दाराशी जात नाही. अण्णांच्या अंगातलं काम पुरं झालं तेव्हा ते माझ्याकडे आलं. माझं पुरं होत नाही तोवर ते माझ्यातच गुंतलेलं राहील, ठिणगीकडे जाणार नाही. तेव्हा मला बरं व्हायचं नव्हतंच. मला फक्त उघडायचं नव्हतं.

मी दिवसभर रबरी चेंडू दाबायचो. डाव्या हातानं उजव्याची बोटं मिटवायचो, ती उघडायची, मी पुन्हा मिटवायचो. पितळी कुलपाची किल्ली काढून घेऊन उजव्या मुठीत ठेवायचो, वरून चिकटपट्टी गुंडाळायचो, आणि मूठ अर्धी वळवून झोपायचो. एका सकाळी बायकोनं ते बघितलं.

"अहो, हे काय? हात काळानिळा पडलाय!"

"असू दे. किल्ली आत असली की बाहेरून चालत नाही."

"कुणाचं चालत नाही?"

तिनं कात्रीनं पट्टी कापली, आणि कापता कापता मोठ्यानं रडायला लागली. मग डोळे पुसून तिनं माझ्या शर्टाची बटणं लावली, अगदी वरपर्यंत. लग्नानंतर इतक्या जवळून तिनं मला किती दिवसांनी बघितलं असेल. "तुम्हाला काही होऊ देणार नाही मी," ती म्हणाली. मला सांगायचं होतं, माझं जाऊ दे, पोरीचं बघ. पण जीभ दातांत अडखळली आणि तिला 'पोळी' ऐकू आलं असावं, कारण ती स्वयंपाकघरात गेली.

काम आता खांद्याशी पोचलं होतं. फारशा पिना उरल्या नव्हत्या.

७

भरदुपारची वेळ. बायको कामावर गेली होती. मी डाव्या हातानं कसंबसं आतून पितळी कुलूप लावून किल्ली अर्धी फिरवून बसलो होतो. जिन्यावर ओळखीची पावलं वाजली.

"बाबा, डबा आणलाय. उघड."

मी उठलो, पाय फरफटत दारापर्यंत गेलो. उजव्या हाताची बोटं किल्लीवर ठेवली. ती नुसती ठेवलेली राहिली. डाव्या हातानं प्रयत्न केला. तोही आता परका झाला होता.

"बाबा?"

"येत नाही," मी म्हटलं. निदान म्हणालो असं मला वाटतं.

"किल्ली आत अडकवलीस ना? माझी जातच नाहीये." तिचा आवाज घाबरला होता, पण तिनं तो हसरा केला. "काही हरकत नाही. तू खुर्चीत बस. मी दुकानातून हत्यारं घेऊन येते, पळत जाते."

पावलं जिना उतरून गेली. खालचं फाटक वाजलं. खोका काही अगदी शेजारी नाही. मी दारालाच पाठ टेकून खाली बसलो.

आणि कुलपात आवाज आला.

टक टक.

"आलीस?" मी विचारलं. मग दारापलीकडे कुणीतरी कुलपात फुंकर घातली. पितळेची पूड माझ्या मानेवर पडली. मग लांब दाब.

माझ्या खांद्यात उडणारं काहीतरी थांबलं.

मी वळलो. माझं डोकं अजून हिशेब करत होतं, शप्पथ सांगतो. किल्ली आत असताना बाहेरून आकडी चालत नाही. चालूच शकत नाही. हे मी गिऱ्हाइकांना हमी देऊन सांगत आलोय. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती किल्ली, अर्ध्यातून, सावकाश, फिरत होती.

टक टक. फुंकर. दाब. गळ्याखाली थांबलं.

मी किल्ली धरायला हात टाकला. बोटं तिच्यावरून ओघळून पडली. "नको," मी ओरडलो, "एवढ्यात नको, अजून थोडे दिवस," आणि मला ऐकू आली ती नुसती घशातली घरघर. मी कपाळ किल्लीवर दाबलं, तिला थोपवायला माझ्याजवळ तेवढंच राहिलं होतं. ती कपाळाखाली फिरली.

कुलूप उघडलं. दार बोटभर आत आलं. फटीत, दाराच्या कडेवर, एक हात होता. बारका. अंगठ्याजवळ खोल खड्डा पडलेला. तो अण्णांचा होता की माझा, मला सांगता येणार नाही. काम झाल्यावर आकडी पुसून ठेवतात तशी त्यानं बोटं एकदा झटकली आणि तो मागं गेला.

दार पूर्ण उघडलं. जिना रिकामा होता. माझ्या सबंध अंगात इतकी शांतता कधीच नव्हती.

८

ठिणगी धापा टाकत वर आली. हातात हत्यारांची पिशवी होती. उघडं दार बघून ती दचकली, मग मला जमिनीवर बघून तिनं पिशवी टाकून दिली.

"तूच उघडलंस? अरे बाबा, मग सांगायचं तरी! मी केवढी पळाले."

तिनं मला भिंतीशी बसवलं, पाणी पाजलं. अर्धं छातीवर सांडलं. मी मान हलवून हलवून कुलपाकडे खूण करत होतो. शेवटी तिनं किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली. मी डाव्या मनगटानं ती रेटत रेटत तिच्या तळहातावर नेली, आणि तिची बोटं किल्लीवर मिटवायला लागलो. घट्ट मीट. सोडू नकोस. झोपेतसुद्धा सोडू नकोस. हे सगळं मी बोलत होतो. माझी बोटं तिच्या बोटांवरून घसरत होती आणि तोंडातून नुसता घोळ बाहेर पडत होता.

ती किल्लीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. तिचे डोळे भरून आले.

"मला देतोयस? अण्णांची किल्ली?" तिनं ती कपाळाला लावली. "सांभाळीन, बाबा. दुकान पण सांभाळीन. तू कसलीच काळजी करू नकोस."

तिनं किल्ली खिशात टाकली, आणि रिकाम्या हातानं माझा गाल पुसला.

तिच्या अंगठ्याच्या बुडाशी, माझ्या गालावर, दोन हलके टोले पडले. मग एका फुंकरीएवढं थांबणं. मग एक लांब दाब.

"जिना पळत चढले ना," ती डोळे पुसत हसली, "बघ कसा हात उडतोय."